कमान नंतर बांधा, आधी सहा फुटी पाइप घेऊन चाला : छोट्या शहराच्या वेशी, रस्ते, फूटपाथ आणि सायकलमार्ग सुधारायची पद्धत

आमच्या नात्यातल्या एका तालुक्याच्या गावात (नाव घेत नाही, भांडणं नकोत) वेशीवर नवी कमान झाली. भारी कमान, वर दोन हत्ती, रात्री निळे-जांभळे दिवे. आणि त्या कमानीचा डावा खांब बरोब्बर फूटपाथच्या मधोमध आलाय. हायस्कूलची पोरं सायकल ढकलत येतात ती खांबापाशी रस्त्यावर उतरतात, तिथेच वडापच्या (सीटप्रमाणे प्रवासी भरणाऱ्या) जीपा उभ्या, तिथेच एसटी वळते. मी समोर चहा घेत अर्धा तास उभा होतो, तेवढ्यात खांबाच्या मागून एकही माणूस गेला नाही, कारण जायला जागाच नाही, तिथे आता दुकानदाराने दुधाचे रिकामे क्रेट रचलेत.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्याकडे ‘शहर सुशोभीकरण’ म्हटलं की कमान, कारंजं, सेल्फी पॉइंट आणि रंगवलेले दुभाजक एवढंच डोक्यात येतं. माझं म्हणणं एवढंच की घरापासून स्टँडपर्यंत, शाळेपर्यंत, मंडईपर्यंत माणसाला एकदाही रस्त्यावर न उतरता सलग जाता आलं पाहिजे. हजार मीटरचा फूटपाथ आणि दर पन्नास मीटरला तुटलेला, तर तो हजार मीटरचा नाही, पन्नास-पन्नास मीटरचे वीस ओटे आहेत ते, आणि ओट्यावर माणूस चालत नाही, बसतो.

उदाहरण म्हणून सातारा घेतो, पायाखालचं गाव आहे आणि छोट्या शहराला जे जे असतं ते सगळं तिथे आहे. २०११ च्या जनगणनेत एक लाख वीस हजारांच्या आसपास वस्ती, २०२० साली हद्दवाढ झाली, कारभार नगरपरिषदेचा. वर अजिंक्यतारा किल्ला, गाव त्याच्या उतारावर, पूर्वेला पुणे-बंगळूर हायवे (जुना चार नंबर, आताचा ४८). आत दोन मुख्य रस्ते एकमेकांना समांतर, वरचा रस्ता म्हणजे राजपथ आणि खालचा रस्ता म्हणजे कर्मवीर पथ. तुमचं गाव पंढरपूर असो की उदगीर, पद्धत तीच राहते, नावं बदलून घ्या.

पायरी १ : वेशी मोजा आणि प्रत्येकीचा मालक शोधा

‘शहराचं प्रवेशद्वार’ म्हणजे एकच असं धरून चालतात लोक, बहुतेक हायवेवरचं. साताऱ्याला बघा : पुण्याहून आलं की वाढे फाटा, पुढे कोरेगाव रस्त्यासाठी बॉम्बे रेस्टॉरंट चौक, कोल्हापूरकडून येणाऱ्याला अजंठा चौक आणि गोडोली, मेढ्याकडून मोळाचा ओढा, परळी-ठोसेघरकडून बोगदा, कासकडून यवतेश्वरचा घाट उतरला की समर्थ मंदिर. झाल्या की सहा. शिवाय एसटी स्टँड, तीही वेसच आहे, गाडीतून उतरणारा माणूस गावात पहिलं पाऊल तिथेच टाकतो. आणि प्रत्येक वेशीचा स्वभाव वेगळा. हायवेवरून येणारा ऐंशीच्या वेगात असतो, घाटातून येणारा आधीच सावकाश असतो. मोळाच्या ओढ्याकडून रोज कामाला येणारी मोटरसायकलवाली माणसं, समर्थ मंदिराकडे कासचा फुलांचा सीझन लागला की शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग. सगळीकडे एकच कमान ठोकून काय होणार?

आता महत्त्वाचं. तुमच्या वेशीवरचा रस्ता नगरपरिषदेचा असेलच असं अजिबात नाही. राष्ट्रीय महामार्ग आणि त्याचे सर्व्हिस रोड बऱ्याचदा महामार्ग प्राधिकरणाकडे, राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारण पीडब्ल्यूडीकडे (सार्वजनिक बांधकाम खातं), आतले गल्लीबोळ नगरपरिषदेकडे, आणि मधला एखादा पट्टा असा असतो की जो कुणाच्याच रजिस्टरला नीट नाही, हस्तांतरण झालंय म्हणे पण कागद सापडत नाही. खड्डा नेमका तिथे पडतो. निवेदन द्यायच्या आधी हे शोधा, नाहीतर तीन महिने चुकीच्या टेबलावर अर्ज पडून राहतो आणि मग पत्र येतं की ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’.

शोधायचं कसं, तर नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात जाऊन रस्त्यांची यादी मागायची, नगररचना विभागात विकास आराखडा बघायचा. (इथे एक गंमत : डीपी म्हटलं की नगररचनेवाल्याला विकास आराखडा कळतो आणि वायरमनला ट्रान्सफॉर्मरचा डबा. मीटिंगमध्ये ‘डीपी रस्त्यात येतोय’ या एका वाक्यावर दहा मिनिटं दोघं वेगवेगळ्या विषयावर भांडलेले पाहिलेत मी.) एका कागदावर गावाचा नकाशा काढा आणि तीन रंगांच्या स्केचपेनने मालक रंगवा. हा कागद पुढे सगळीकडे उपयोगी पडतो, खुद्द अधिकाऱ्यांनासुद्धा.

पायरी २ : चालून मोजा

याला इंजिनियर लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून सहा फुटी पीव्हीसी पाइप आणा, पाऊण इंची, हलका येतो. सहा फूटच का, तर इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे आयआरसी, तिच्या पादचाऱ्यांसाठीच्या १०३ नंबरच्या कोडमध्ये फूटपाथची चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि मोकळी उंची २.२ मीटर धरलीय, आणि सहा फूट म्हणजे १.८३ मीटर. तो पाइप पोटाशी आडवा धरायचा आणि फूटपाथवरून चालत सुटायचं. जिथे पाइप अडेल तिथे थांबायचं, फोटो, लोकेशन, आणि कशाला अडला ते लिहायचं. खांब, टपरी, बोर्ड, झाड, उघडं चेंबर, दुकानाची पायरी, बुलेट.

पहिल्या दिवशी लोक हसतात. हसू द्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वतःहून येऊन सांगतं की अहो तिकडे पुढे बघा, आमची आजी तिथेच पडली. अशी माहिती कुठल्याही सर्व्हेत मिळत नाही, ती वहीत वेगळी लिहा.

सोबत अजून एवढं घ्या : तीस मीटरचा टेप (पाच मीटरच्या टेपने रस्ता मोजायला गेलात तर जेवायच्या वेळेपर्यंत एक चौक होईल), खडू, आणि जमलं तर एक बाबागाडी किंवा व्हीलचेअर. साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत रिकामी बाबागाडी ढकलत या म्हणजे कळेल किती वेळा उचलावी लागते. तो आकडा लिहा. नगरसेवकाला ‘पादचारी सुविधा अपुऱ्या’ असं सांगितलं तर तो मान हलवतो, ‘सत्तावीस वेळा गाडी उचलली’ असं सांगितलं की तो म्हणतो दाखवा कुठे.

तीन वेळा चाला. सकाळी शाळा भरताना, संध्याकाळी सात-आठला बाजारात, आणि एकदा भर पावसात. पावसातला फेरा टाळू नका, पाणी कुठे साचतं ते उन्हाळ्यात कळत नाही आणि फूटपाथ खचतो तो पाण्याने.

पायरी ३ : वेशीवर आधी वेग उतरवा, मग शोभा

वेशीचं खरं काम काय? हायवेच्या मूडमध्ये असलेल्या ड्रायव्हरला ‘बाबा, आता गाव आलं’ हे डोळ्याने आणि चाकाने सांगायचं. ५० च्या स्पीडने गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, म्हणजे ड्रायव्हरने एक सेकंद मोबाइलकडे बघितलं की एसटीच्या लांबीपेक्षा जास्त अंतर आंधळेपणाने गेलं. आणि ६० वरून ३० वर आलात तर धडकेतली ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. नुसता ‘हळू चालवा’ बोर्ड लावून कुणी हळू चालवत नाही, रस्ता रुंद आणि सरळ दिसला की पाय ॲक्सिलेटरवर जातोच, माझाही जातो.

मग करायचं असं. पहिली घरं सुरू होतात त्याच्या शंभर-दीडशे मीटर आधी काम सुरू करायचं. रस्त्याच्या कडेने दोन्ही बाजूंनी झाडांची रांग, जरा जवळजवळ, त्यामुळे रस्ता आहे तेवढाच राहून अरुंद वाटायला लागतो. मग लेन रंगाने आवळायची, साडेतीन मीटरपर्यंत आणायची. त्याच्या खाली वेशीवर जाऊ नका, आपल्याकडे उसाचा सीझन असतो, ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या हेलकावे खात येतात, त्यांनाही जायचंय. मग मधोमध छोटं बेट, निदान माणूस सायकल धरून उभा राहील एवढं, म्हणजे रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. आणि बेटापाशी उंच केलेलं झेब्रा क्रॉसिंग.

स्पीडब्रेकरबद्दल दोन शब्द, कारण त्यात आपल्याला तोड नाही. रात्रीत डांबराचा एक ओंडका टाकून मोकळे. आयआरसीच्या ९९ नंबरच्या कोडमधला गोलसर स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो, २५ च्या स्पीडने त्यावरून गाडी आरामात जाते आणि ५० ने गेलं तर डोकं आपटतं. आपले ओंडके एक फूट रुंद, सहा इंच उंच, त्यावर मागे बसलेली बाई उडते आणि जीपवाल्याला काही होत नाही. पुढच्या वेळी कुणी स्पीडब्रेकर मागितला तर निवेदनात हे माप लिहा, सोबत पांढरे पट्टे, रिफ्लेक्टर आणि आधी चाळीस मीटरवर बोर्ड. राष्ट्रीय महामार्गाच्या मुख्य रस्त्यावर मात्र स्पीडब्रेकर मागू नका, तिथे तो बसतच नाही, तिथे सर्व्हिस रोडच्या तोंडाशी काम करायचं.

हायवे वरून आणि गाव खालून, अशी ज्यांची वेस आहे त्यांनी पुलाखालची जागा धरून ठेवा. ती अंधारी, ओली जागा गावाची पहिली ओळख असते. चार चांगले दिवे, दोन्ही बाजूंनी सलग फूटपाथ, रिक्षा आणि वडापला आखून दिलेली जागा. एवढ्यात काम होतं. भिंतीवर वारली चित्रं काढायची तर काढा, पण दिवे आधी.

आणि कमान करायचीच असेल, पुढाऱ्यांनी शब्द दिलाच असेल, तर निदान खांब गटाराच्या पलीकडे घ्या आणि खालून साडेपाच मीटर मोकळी उंची ठेवा. गणपतीत मंडळांचे देखावे असतात, शिवाय कडब्याने भरलेला ट्रकही असतो.

वेशीवरचे फ्लेक्स हा वेगळाच आजार. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे वळणाचा बोर्ड झाकला जातो. १९९५ सालचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे आपल्या राज्यात, आणि बेकायदा फ्लेक्सवर मुंबई हायकोर्टात जी गाजलेली जनहित याचिका चालली, २०१७ च्या जानेवारीत सविस्तर निकाल आला, ती साताऱ्याच्याच सुस्वराज्य फाउंडेशनची होती. म्हणजे छोट्या गावातून काही होत नाही असं म्हणायला जागा नाही. निवेदनात या निकालाचा उल्लेख करा, नुसतं ‘फ्लेक्स काढावेत ही विनंती’ लिहिण्यापेक्षा वजन पडतं.

पायरी ४ : भिंत ते भिंत माप घ्या आणि वाटणी करा

इथे खरी मारामारी असते म्हणून जरा थांबून सांगतो. रस्ता म्हणजे डांबर नाही, रस्ता म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींमधली सगळी जागा. ती मोजा आणि वाटणी फूटपाथपासून सुरू करा. उरलं ते गाड्यांना. आपल्याकडे उलटं होतं, आधी दोन ट्रक बसतील एवढं डांबर आणि उरलेल्या दीड फुटात फूटपाथ, त्यात पुन्हा लाइटचा खांब.

धरा भिंत ते भिंत १२ मीटर आहेत. दोन्हीकडे १.८ चे फूटपाथ, गेले ३.६. राहिले ८.४. तीन-तीन मीटरच्या दोन लेन, ६ गेले. उरले २.४, त्यात एका बाजूला पार्किंग आणि मधूनमधून झाड, खांब, बाकडं. बसलं सगळं! म्हणजे बारा मीटरच्या रस्त्यात ‘जागाच नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या बाजूचं पार्किंग वाचवतोय, बाकी काही नाही.

धरा ९ मीटर आहेत. फूटपाथ काढले की ५.४ उरतात, दोन्हीकडची वाहतूक त्यात कोंबली तर फूटपाथच खाल्ला जातो. इथे एकेरी करा : साडेतीन मीटरची एक लेन आणि १.९ मीटर सामानाच्या टेंपोसाठी आणि टू-व्हीलरसाठी. समांतर दुसरा रस्ता असेल तरच एकेरी चालतं, म्हणून राजपथ आणि कर्मवीर पथ अशी जोडी ज्या गावाला आहे ते नशीबवान. व्यापारी पहिल्यांदा विरोध करतात, गिऱ्हाईक जाईल म्हणून, त्याचं उत्तर पायरी ६ मध्ये आहे.

सात मीटर किंवा त्याच्या आत, म्हणजे पेठांमधल्या गल्ल्या, तिथे फूटपाथ करूच नका. दोन फुटाचा फूटपाथ म्हणजे पैशाची नासाडी. एकाच लेव्हलची फरसबंदी, गटार मध्ये नाहीतर एका कडेला जाळीने झाकलेलं, तोंडाशी उंचवटा, आणि वेग वीसच्या आत. गाडीने माणसाच्या मागून जायचं.

गावातला अवघड चौक असेल, म्हणजे पाच-सहा रस्ते एकत्र येणारा, तर पूल किंवा भुयार हा पहिला विचार नको. साताऱ्यात पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाला, २०२१ मध्ये सुरू झाला, वाहनं खालून जातात. पण वाहनं खाली गेली तरी वर माणसं असतातच, आणि वर रिकामी झालेली जागा लगेच आखून घेतली नाही तर तिच्यात पार्किंग शिरतं. काम मोठं असो की लहान, वरचा चालायचा नकाशा त्याच एस्टिमेटमध्ये घालायला लावा. नंतर म्हणजे कधीच नाही.

पायरी ५ : फूटपाथ तुटतो कुठे

चार जागी तुटतो, माझ्या वहीत तरी.

एक, फाटकापाशी. प्रत्येक बिल्डिंगला गाडी आत घ्यायची असते म्हणून फूटपाथ उतरतो, पुन्हा चढतो, उतरतो, चढतो. म्हातारा माणूस वैतागून रस्त्यावरून चालतो. उपाय सोपा आहे : फूटपाथ त्याच लेव्हलला सरळ न्यायचा आणि गाडीने चढून जायचं, उताराचा तुकडा फक्त कडेच्या पट्ट्यात. गाडीला इंजिन आहे, आजोबांना गुडघे आहेत. मी ड्रॉइंगचंच काम करतो आणि खरं सांगतो, कागदावर या फरकाला एक रेघ लागते.

दोन, उंची. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. आपल्याकडे दर वेळी जुन्या डांबरावर नवं डांबर चढतं, रस्ता वर येतो, मग फूटपाथ अजून वर, मग दुकानं खड्ड्यात आणि पावसाचं पाणी गल्ल्यात. डांबरीकरणाआधी जुना थर खरवडून काढायचा ही अट एस्टिमेटमध्ये आहे का ते बघा. कोपऱ्यावर उतार १ ला १२ चा, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीला १.८ मीटर लांबी. कंत्राटदार दोन फुटात उतरवतो आणि म्हणतो रॅम्प केला, तो घसरगुंडीचा रॅम्प असतो. पिवळ्या खरबरीत टाइल्स अंध माणसासाठी असतात, त्या थेट खांबावर नेऊन सोडलेल्या मी पाहिल्यात, लावणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं त्या कशासाठी आहेत.

तीन, चेंबर आणि झाकणं. गुळगुळीत पेव्हर ब्लॉक, आणि मध्ये झाकण दोन इंच खाली. यावर एकच तोडगा, ब्लॉक बसवायच्या आधी सगळी चेंबर लेव्हलला आणायची. आणि पाण्याची लाइन, केबल, महावितरणचं खोदकाम हे सगळं आधी. नवीन फूटपाथ झाला की पंधरा दिवसांत कुणीतरी खोदतोच, हे विनोदाने म्हणतात पण त्याचं कारण सरळ आहे, तीन खात्यांनी एकत्र बसून तारीख ठरवलेली नसते. मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्या की काम सुरू करण्याआधी सगळ्या खात्यांची संयुक्त पाहणी घ्या आणि आम्हालाही बोलवा.

चार, झाड. झाडाभोवती बुंध्यापर्यंत ब्लॉक लावू नका, निदान एक मीटर चौकोन माती मोकळी ठेवा, नाहीतर झाड एकतर मरतं नाहीतर मुळं ब्लॉक उचलून फेकतात. नवीन लावताना कडुनिंब, करंज, ताम्हण, बहावा. गुलमोहर दिसतो छान पण वादळात फांद्या पाडतो. जुनं झाड आड आलं तर फूटपाथ वळवायचा, १९७५ चा वृक्ष कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावता येत नाही, आणि पन्नास वर्षांवरचं झाड आता हेरिटेज धरतात.

पायरी ६ : चुन्याने ट्रायल घ्या

काँक्रीट ओतण्याआधी एक रविवार, मग एक आठवडा. चुन्याच्या रेघा, जुने टायर रंगवून, दोन-चार कोन, ट्रॅफिक पोलिसांची परवानगी. नवा कोपरा, नवी एकेरी, नवा फूटपाथ, सगळं आधी रेघेवर करून बघायचं. एसटी वळते का? फायर ब्रिगेडची गाडी वळते का? चुन्यावर चाक गेलं की ठसा दिसतो, रेघ सरकवायची. फुकटात शिकायला मिळतं.

व्यापाऱ्यांचा प्रश्न इथेच सुटतो, वादाने नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, २०२१ पासून, रस्त्याचा एक भाग गाड्यांना बंद आणि माणसांना मोकळा. तुमच्या गावात दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नको, साधा महिना धरा, आणि पाच दुकानदारांना विनंती करा की त्या दिवशीचं गिऱ्हाईक मोजून ठेवा. जो आकडा येईल तो येईल. कमी आला तर का आला ते विचारा, बहुतेक वेळा पार्किंग कुठे आहे याचा बोर्ड नव्हता एवढंच निघतं.

हातगाडीवाल्यांना यात विसरू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा सांगतो की आधी सर्व्हे, मग शहर विक्रेता समिती, मग जागा, सर्व्हेशिवाय उठवायचं नाही. आणि खरं म्हणजे भाजीवाल्या मावशी बसतात म्हणून संध्याकाळी त्या रस्त्याला जाग असते, बायका निर्धास्त चालतात. त्यांना फूटपाथच्या कडेच्या पट्ट्यात आखून जागा द्या, १.८ मीटर मोकळे ठेवून. अतिक्रमण म्हणायचं असेल तर आधी शोरूमच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या मोजा.

पायरी ७ : सायकल

सायकल ट्रॅकबद्दल माझं मत जरा कडवट आहे. अरुंद रस्त्यात हिरवा पट्टा मारला की ट्रॅक होत नाही, ते टू-व्हीलरचं पार्किंग होतं. आयआरसीच्या ११ नंबरच्या कोडनुसार वेगळ्या सायकल ट्रॅकला किमान दोन मीटर रुंदी लागते. छोट्या शहरात एवढी जागा हायवेला जोडणाऱ्या रुंद रस्त्यांवर, रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावर किंवा नव्या डीपी रस्त्यावर मिळते (इथे डीपी म्हणजे आराखडा), तिथे जरूर करा, मध्ये कर्ब घालून आणि सलग. बाकी आतल्या रस्त्यांवर सायकलसाठी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे गाड्यांचा वेग तीसवर आणणं. वेग उतरला की पूर्ण रस्ताच सायकलचा.

चढाच्या गावाला वेगळा नियम लावा. स्टँडकडून राजवाड्याकडे जाताना चढ आहे, पोरगं उभं राहून पायडल मारतं, हँडल डुलतं, मागून येणाऱ्याला घाई असते. उतरताना तेच पोरगं रिक्षाच्या बरोबरीने जातं. म्हणून जागा एकाच बाजूला असेल तर पट्टा चढाच्या बाजूला द्या, दीड मीटर का होईना, उताराला मिसळून जाऊ द्या.

आणि सुरुवात शाळेपासून. एक हायस्कूल निवडा, तिथे सायकलने येणाऱ्या मुलांना नकाशावर आपापला रस्ता काढायला सांगा. सगळ्या रेघा एकावर एक ठेवल्या की दोन-तीन रस्ते ठळक होतात, तेच तुमचे सायकलमार्ग. त्यावर जाळ्यांची दिशा बघा, गटाराची जाळी रस्त्याला समांतर असली की चाक अडकतं, आडवी करून घ्या. वेल्डिंगवाल्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

फिरायच्या वाटा हा वेगळा आणि स्वस्त विषय. अजिंक्यतारा, चार भिंतीची टेकडी, यवतेश्वर, इथे सकाळी अर्धं सातारा चालत असतं, २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉनही होते. अशा डोंगरवाटेला पेव्हर ब्लॉक नकोत, मुरूम आणि दगडी पायऱ्या पुरतात, फक्त पाणी वाटेवरून वाहू नये म्हणून ठरावीक अंतरावर तिरका दगडी बांध घाला. घाटरस्त्यावर चालणाऱ्यांनी येणाऱ्या गाडीकडे तोंड करून उजव्या बाजूने चालायचं. आणि गावापासून वाटेच्या तोंडापर्यंतचा रस्ता, तो सगळे विसरतात. घरून गाडीने जायचं, पार्किंगसाठी भांडायचं आणि मग आरोग्यासाठी चालायचं, असं आहे आपलं.

पायरी ८ : कागद

थोडक्यात क्रम असा : मागणी, नगरपरिषदेचा ठराव, एस्टिमेट, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, टेंडर, वर्कऑर्डर, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं लिहायची वही), बिल. तुमचं म्हणणं एस्टिमेटच्या आधी पोचलं पाहिजे, टेंडर निघाल्यावर फक्त आंदोलन उरतं. पैसे जिल्हा नियोजन समिती, नगरोत्थान, वित्त आयोगाचा निधी अशा ठिकाणाहून येतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला मागा, मार्चमध्ये नाही. मार्चमध्ये निघालेलं काम घाईचं असतं, सगळ्यांना माहितीय.

निवेदन एक पानी. वर रस्त्याचं नाव कुठून कुठपर्यंत, मालक कोण, पाइप किती ठिकाणी अडला, तीन फोटो, आणि काय हवं ते मापासकट. सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये मोकळा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क मानलाय, ती एक ओळ घाला. पोच घ्या, शिक्का असलेली.

काम सुरू झालं की माहिती अधिकाराचा खरा उपयोग. लोकांना वाटतं त्यात फक्त झेरॉक्स मिळतात. २००५ च्या कायद्याच्या कलम २(जे) मध्ये कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. एस्टिमेट, वर्कऑर्डर आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, मग टेप घेऊन जा आणि पुस्तिकेत लिहिलेली रुंदी जागेवर आहे का बघा. जेईशी (ज्युनियर इंजिनियरशी) भांडून नव्हे, चहा पाजून. चांगला जेई असेल तर त्यालाच तुमच्या टेपचा आधार होतो, कंत्राटदाराला सांगायला.

दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, टेंडरमध्ये लिहिलेली असते. ती संपायची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीचा रिमाइंडर लावून. रिमाइंडर वाजला की पुन्हा तोच सहा फुटी पाइप घ्यायचा, बाबागाडी घ्यायची, शक्यतो ऑगस्टमध्ये पाऊस असताना, आणि पहिल्या वहीशेजारी दुसरी वही उघडून त्याच रस्त्याने चालत निघायचं. हललेले ब्लॉक, खचलेली चेंबर, उडालेला झेब्रा, सगळं लिहून मुदतीच्या आत पत्र द्यायचं, पोच घेऊन.